रकाना क्रमांक अकरा

शारजा. कार्गोच्या मागचं ऑफिस, रात्रपाळी.
एसी असा की जूनमध्ये स्वेटर.
फाइल आली तेव्हा मी खुबूस चहात बुडवत होते.

डॉल्फिन, जिवंत, समुद्रातून पकडलेले : नग बारा.
पाठवणारा : बेटांचा एक देश,
नकाशावर माझ्या नखाखाली झाकला जाणारा.
घेणारा : नव्या हॉटेलाचा निळा तलाव.

कागद चोख होते, खोटं कशाला बोलू.
पेटीची लांबी, कापडी झोळीची जाडी,
दर वीस मिनिटांनी पाठीवर किती लिटर पाणी,
डोळ्यांना कुठलं मलम,
वाटेत दगावला तर विम्याचे किती दिरहम.
बाराही जणांचं वजन, शंभर ग्रॅमपर्यंत.

फक्त रकाना अकरा :
हे नेल्यावर मागे उरलेल्यांना बाध येणार नाही
हे कशावरून?

उत्तर एका शब्दाचं. मुबलक.

मी वाशीमकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला
तो विमानाच्या खिडकीतून, एकोणतिसाव्या वर्षी.
पण हा शब्द मी ओळखते.
आमचे मोतीरामकाका वनरक्षक,
बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायचे
पाणवठ्यावर येईल ते जनावर मोजत.
एकच रोही तीनदा पाणी प्यायला,
काकांनी तीन लिहिले.
पहाटे डुलकी लागली
तेवढ्या वेळापुरतं लिहिलं, ‘नेहमीप्रमाणे’.
साहेबांनी बेरीज केली,
साहेबांच्या साहेबांनी छापली.
अंदाजपंचे दाहोदरसे,
आणि खाली गोल शिक्का.

क्वारंटाइनच्या डॉक्टर मारिविक हळू बोलतात.
म्हणाल्या, पाठीवरच्या पराची कड बघायची,
प्रत्येकाच्या खाचा वेगळ्या.
फोटो काढायचे, परत जायचं, परत काढायचे,
ओळखीचे किती भेटले, अनोळखी किती,
त्यावरून मग हळूहळू कळतं किती असतील.
एका मोसमात नाही होत.
मादीला एक पिल्लू, मग कितीतरी वर्षं काही नाही.
आणि हेही विचार :
पेटीत बारा बसले,
जाळ्यात किती आले होते?

फाइलमध्ये तो आकडा नव्हता.
मेलेल्यांना परवाना लागत नाही.

शेजारच्या टेबलावरून उण्णिकृष्णन म्हणाला,
कमी आहेत याचा तरी पुरावा कुठाय?
दोन्हीकडून माहीत नाही, मग अडवायचं कशाला?

ते वाक्य रात्रभर दाताच्या फटीत.
बरोबर वाटत होतं, हीच पंचाईत.
पहाटे तीनला सुचलं ते इतकंच :
डब्यात हात घालणाऱ्यानं
आधी डब्यात डोकवावं.
दाण्यांनी का वर येऊन सांगायचं
किती उरलोय ते?

मी लिहिलं : मुबलक ही संख्या नव्हे.
कोणी मोजले, कधी, कितीदा, कसे, ते जोडावे.
तोवर प्रलंबित.

हॉटेलवाल्याचे चार फोन आले,
पहिला गोड, मग उतरत्या क्रमानं.
अठराव्या दिवशी फाइल परतली.
रकाना अकरा, आता ठळक टायपात :
अतिशय मुबलक.

शनिवारी हमरियाच्या बंदरात गेले.
खल्फान नावाच्या म्हाताऱ्या नाखुद्यानं होडीत घेतलं.
हे लोक त्याला दुख्स म्हणतात.
मांडीवर वही, हातात पेन्सिल,
शाई पाण्यानं फुटते म्हणून.

तासाभरानं एक पर वर आला,
मागच्या कडेला खाच.
मी लिहिलं : एक.
बऱ्याच वेळानं उजवीकडे पुन्हा.
खाच दिसली नाही, ऊन डोळ्यात होतं.

कितने? खल्फाननं विचारलं,
सिनेमांतून शिकलेल्या हिंदीत.

तोच असेल. किंवा दुसरा.
मी दुसऱ्या ओळीवर प्रश्नचिन्ह काढलं
आणि ते खोडलं नाही.